दीड किलोसाठी अडलेली शस्त्रक्रिया

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका कामासाठी उज्जैनला जाणे झाले. आपल्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाची लेक तिकडे दिलेली आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी तिची आई हुलग्याच्या पिठाची पिशवी आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन दारात उभी. "फादर, एवढं तिला पोचवा, आणि जरा बघून या. फोनवर धड सांगत नाही काही." पिशवी घेतली आणि निघालो.

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे. मध्ये घड्याळाचा मनोरा, आणि दिवस मावळला की भोवताली खाण्याच्या गाड्यांची ही गर्दी. कचोरी, मुगाची भजी, साबुदाण्याची खिचडी, गरम जलेबी. माळव्याचा माणूस खाण्याच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. ताई आणि तिचे यजमान मला तेथेच भेटले. ताईच्या हातात जलेबीचा द्रोण होता. तिला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते, हे मला तिच्या आईकडून ठाऊक होते. म्हणून मी नुसते तिच्याकडे पाहिले. तिला ते कळले.

"फादर, हे मी आवडीनं खात नाही," ती म्हणाली. "औषध म्हणून खाते."

मला आधी ही थट्टा वाटली. थट्टा नव्हती. गुडघे गेलेले, साखर आटोक्यात येत नाही, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो. इंदूरच्या एका शल्यचिकित्सकांनी तिला तपासून सांगितले होते की, तुम्हाला वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होईल, साखरही खाली येईल. यजमानांच्या कारखान्याचा आरोग्य विमा आहे. कागद पाठविले. उत्तर आले की, बी.एम.आय. पस्तीस असावा लागतो, तुमचा चौतीस पॉइंट चार आहे. आणि खिडकीवरच्या माणसाने, बिचाऱ्याने चांगल्या बुद्धीनेच, हळूच सुचविले, "बाई, दीड-दोन किलो वाढवून या. मग बघू."

ताई ते दीड किलो टावर चौकात वाढवीत होती.

या गोष्टीने मला अस्वस्थ केले, आणि परत आल्यावर आपल्या डॉक्टर मित्रांशी बोलून, काही वाचून, हा लेख लिहावयास बसलो. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचे खूळ, अशी समजूत आहे. मीही काल-परवापर्यंत तसेच समजत होतो. पण धर्मग्रामात घरोघरी फिरताना दिसते ते वेगळेच आहे. मोटार मोबाइलवरून सुरू होते, नांगरट ट्रॅक्टरने होते, दुधाची किटली मोटरसायकलवर जाते. कष्ट कमी झाले, याचे वाईट कोण मानील? परंतु ताटातले आणि कपातले मात्र कमी झालेले नाही. चहातील साखर तर आजोबांच्या काळातल्यापेक्षा वाढलीच आहे. पन्नाशीच्या आतल्या किती बायाबापड्या आज साखरेच्या गोळ्या घेतात, हे प्रत्येकाने आपल्याच गल्लीत मोजून पाहावे.

आता हा बी.एम.आय. काय प्रकार आहे ते पाहू. आपले वजन किलोत घ्यायचे, आणि मीटरमधील उंचीला त्याच उंचीने गुणून जो आकडा येईल त्याने वजनास भागायचे. ताईची उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. वजन ८८ किलो. ८८ भागिले २.५६ म्हणजे ३४.४. पस्तीस होण्यास ८९.६ किलो हवेत. कमी पडले ते १.६ किलो. सातवीतले पोरसुद्धा हे गणित करील. म्हणूनच की काय, ते सगळ्यांना एवढे पसंत पडले आहे.

हे गणित डॉक्टराने शोधलेले नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वेटले नावाच्या बेल्जियमच्या गणितज्ञाने ते मांडले. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचे होते, कोणाचा आजार ठरवायचा नव्हता. अमेरिकेतील अन्सेल कीज यांनी १९७२ साली त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. हजार माणसांचा अंदाज घेण्यास हे माप चांगले आहे. एका माणसाच्या पोटात चरबी किती, स्नायू किती, यकृताची अवस्था काय, हे त्यास कळत नाही. पोती उचलणारा हमाल आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा शेठ यांचा बी.एम.आय. एकच निघू शकतो.

मग ३५ ही रेषा कोठून आली? मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक परिषद भरविली. तिने ठरविले की, बी.एम.आय. ४० वा त्याहून अधिक असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. ३५ ते ४० असेल तर मधुमेहासारखा गंभीर आजार सोबत असल्यास करावा. त्या काळी ही शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे, धोका मोठा होता, म्हणून रेषा वरच ठेवली हे योग्यच झाले. पुढे दुर्बिणीने, लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया होऊ लागली, धोका खूप उतरला. रेषा मात्र होती तिथेच राहिली. शस्त्रक्रियेच्या जागतिक आणि अमेरिकी संघटनांनी मिळून ती बदलली ती २०२२ साली, म्हणजे ३१ वर्षांनी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ती रेषा गोऱ्या माणसांची शरीरे पाहून आखलेली होती. आपले शरीर वेगळे आहे, आणि हे दाखवून देण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांत वर्षानुवर्षे अभ्यास केला. या खेड्यांतील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे लहान, हातपाय बारीक, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. वरून बारीक, आतून लठ्ठ. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. अख्खा ग्रंथ लिहून जे पटणार नाही ते त्या एका छायाचित्राने पटविले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियातील लोकांसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे टप्पे सुचविले. २००९ साली भारतातील तज्ज्ञांनी एकत्र बसून शस्त्रक्रियेची भारतीय रेषा सांगितली: सोबत आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शनात तर असे म्हटले आहे की, आशियातील माणसाला २७.५ पासूनच ही शस्त्रक्रिया देऊ करावी.

आता ताईकडे परत या. १६० सेंटिमीटर उंचीला ३२.५ म्हणजे ८३.२ किलो. ताईचे वजन ८८. म्हणजे भारतीय वैद्यकाच्या रेषेच्या ती जवळजवळ पाच किलो पलीकडे आहे. शल्यचिकित्सकाने 'करा' म्हटले ते उगीच नव्हे. परंतु आपल्या आरोग्य विम्याच्या कागदांतील शब्दरचना २०१९ साली विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे, आणि तीत काय आहे? बी.एम.आय. ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र आजार, काबूत न येणारा मधुमेह यांसारखे काही. वय किमान १८. आणि साधे उपाय करूनही गुण आला नाही याचा पुरावा. म्हणजे अमेरिकेची १९९१ सालची रेषा! भारतीय डॉक्टरांनी दहा वर्षे आधी आपली रेषा सांगितली होती. ती कागदावर आलीच नाही. विमा भारतीयांचा, हप्ता भारतीयांचा, आणि माप परक्या अंगाचे.

शेतकरी माणसाला रेषा म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. लागले तर पुरा भाव, ३.४ लागले की कपात. त्या एका पॉइंटासाठी डेअरीच्या दारात किती वादावादी होते ती मी ऐकलेली आहे. दूध तेच, गाय तीच, सकाळी थोडे पाणी जास्त प्याली एवढेच. तरी रेषा नसावी असे आपण म्हणत नाही, कारण रेषा नसली तर पाणीच विकले जाईल. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. मुलीचे लग्न जमावे म्हणून, किंवा फोटोत बारीक दिसावे म्हणून कोणी पोट कापून घेईल आणि खर्च सगळ्यांच्या हप्त्यातून जाईल, हे चालणार नाही. शिवाय शस्त्रक्रिया जितक्या अधिक तितकी कमाई अधिक, अशी काही रुग्णालयेही आहेत. कुंपण हवेच. भांडण कुंपणाशी नाही. कुंपण कोणाच्या शेताची मोजणी करून घातले, त्याच्याशी आहे.

आणि रेषा हलविता येते. माळवा हा सोयाबीनचा मुलूख, आणि आपल्याकडेही सोयाबीन कमी नाही. हमीभावाने खरेदीस ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या खरिपात माल ओला आला, केंद्रावरून गाड्या परत जाऊ लागल्या, शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि त्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. काही आकाश कोसळले नाही. सोयाबीनच्या दाण्यासाठी जे होऊ शकते ते माणसाच्या देहासाठी का होऊ नये, असे मला विचारावेसे वाटते. फरक इतकाच की, सोयाबीनवाले बोलले. लठ्ठ माणूस बोलत नाही. तो लाजतो.

या लाजेविषयी दोन शब्द लिहिणे माझे काम आहे. खादाडपणा हे पाप आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. खरे आहे. पण शेजाऱ्याचे पोट पाहून त्याचे पाप मोजण्याचा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाही. अंगात रोग होऊन बसलेला लठ्ठपणा हा रोगच आहे. त्यात वंशाचा भाग आहे, आईच्या उदरातील पोषणाचा आहे, इन्सुलिनसारख्या औषधांचाही आहे. २०१७ साली माळव्यातल्याच नीमचच्या एका पोलीस निरीक्षकाचे छायाचित्र एका नामांकित लेखिकेने थट्टेने साऱ्या देशासमोर टाकले. लोक हसले. तो माणूस १८० किलोंचा होता आणि आजारी होता. पुढे मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक किलो वजन उतरले. निदान १८० किलोंच्या माणसाची शेवटी कणव तरी येते. ८८ किलोंच्या बाईची कोणाला येत नाही. तिला सगळे म्हणतात, थोडे कमी खा.

उज्जैनचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळांनी ऐकली आहे आणि अर्धवट ऐकली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उज्जैनला आले होते. तेथील खासदार अनिल फिरोजिया यांना ते भर सभेत म्हणाले की, तुम्ही जेवढे किलो वजन कमी कराल तेवढे हजार कोटी रुपये मी विकासासाठी देईन. स्वतःचेही सांगितले, की माझे वजन १३५ होते ते ९३ वर आले. फिरोजियांचे वजन १२७ किलो होते. पहाटे उठणे, चालणे, सायकल, पथ्याचे जेवण असे करीत त्यांनी आठ महिन्यांत ३२ किलो उतरविले. ३२ हजार कोटींचा हिशेब कोणी धरला नाही, पण काही रस्ते मंजूर झाले. वर्तमानपत्रांना खमंग विषय मिळाला.

तेव्हापासून लठ्ठ माणसाला 'त्या खासदारांनी करून दाखविले, तुला का जमत नाही?' असे ऐकविण्याची सोय झाली. पण यातले अर्धे कोणी सांगत नाही. स्वतः गडकरी यांना मधुमेह होता, आणि त्यांनी २०११ साली मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांनी ते लपविलेलेही नाही. एकाच व्यासपीठावर दोन माणसे होती. एकाने शस्त्रक्रियेनंतर वजन उतरविले, दुसऱ्याने पुढे चालून आणि पथ्याने उतरविले. दोघांनाही कोणी नावे ठेवू नयेत. ज्याला पथ्याने साधले त्याचे अभिनंदन. ज्याला अकरा वर्षांत साधले नाही त्याला आळशी म्हणू नये. शस्त्रक्रियेने सारे सोपे होते असेही नाही. अरुण जेटली अर्थमंत्री असताना २०१४ साली मधुमेहासाठी अशीच शस्त्रक्रिया करून घेते झाले, आणि त्यानंतर गुंतागुंत होऊन त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये हलवावे लागले. देशाच्या अर्थमंत्र्याला जे होऊ शकते ते आपल्याला होणार नाही असे समजू नये.

आता वजन वाढवून रेषा गाठण्याबद्दल माझे स्पष्ट मत. करू नये. हे मी नीतीचा उपदेश म्हणून सांगत नाही. शरीराचे गणितच उलटे आहे. यकृत जठराच्या पुढे असते. शस्त्रक्रिया करताना ते बाजूला उचलून धरावे लागते. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने सुजलेले असते, म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे अगदी हलका आहार देतात, हेतू हा की यकृत आक्रसावे आणि हात चालवायला जागा मिळावी. जलेबी खाऊन वाढविलेले दीड किलो नेमके त्याच ठिकाणी जाऊन बसते. साखर चढते, ती चढलेली असली की जखम उशिरा भरते आणि पू होण्याचा धोका वाढतो. एका बाजूने विम्याची खिडकी म्हणते वाढव, दुसऱ्या बाजूने डॉक्टर म्हणतात कमी कर. मधल्या मध्ये बाई भरडली जाते. ही त्या रेषेची खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते.

काही जण याहूनही सोपी युक्ती सांगतात. खिशात वजन घालून काट्यावर चढा, किंवा पोटभर पाणी पिऊन जा. दुधात पाणी घालण्याचाच हा प्रकार. विम्याच्या कागदावर खोटी माहिती गेली आणि ती पुढे उघड झाली तर दावा नाकारला जातो, आणि लाखांचे बिल घरावर येते. मग शेत विकावे लागते.

मात्र माप खरे आहे की नाही हे पाहणे हा आपला हक्क आहे, आणि येथे आपली माणसे फार गाफील असतात. ताईला मी विचारले, उंची कशी मोजली? म्हणाली, भिंतीपाशी उभे केले आणि वरून पट्टी टेकवली. अंबाडा? तो होताच. चपला? "त्या काढल्या का नाही, आता आठवत नाही." उंचीत एका सेंटिमीटरचा फरक पडला तर ८८ किलो वजनावर बी.एम.आय. ३४.४ ऐवजी ३४.८ येतो, दोनचा पडला तर ३५.३. म्हणजे ज्या रेषेसाठी ही बाई महिनाभर जलेबी खात होती, ती रेषा कदाचित तिच्या अंबाड्यात होती! उंची अनवाणी, केस मोकळे सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर ठेवून मोजावी. वयस्कर माणसाची पाठ वाकते, उंची घटते. वीस वर्षांपूर्वीच्या कागदावरचा आकडा उतरवून घेऊ नये. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर करावे, आणि तारखेनिशी डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यावे.

तारीख फार महत्त्वाची. शस्त्रक्रियेपूर्वी पथ्य केले आणि वजन रेषेखाली गेले तर काय? कोणत्या दिवसाचे वजन धरणार, हे पथ्य सुरू करण्यापूर्वीच कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. साधे उपाय करून झाले याचा पुरावाही लागतो. म्हणून आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, साखरेचे तीन महिन्यांच्या सरासरीचे अहवाल, झोपेची तपासणी झाली असल्यास तिचा कागद, हे सारे एका पिशवीत ठेवावे. आपण सातबारा जपतो, दवाखान्याचे कागद मात्र चूल पेटवायला जातात. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या समूह विम्यात अटी वेगळ्या असू शकतात, त्या मागून वाचाव्यात. नकार आला तर तो लेखी मागावा. कंपनीकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लागत नाही, फी नाही. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे.

जे रेषेच्या खरोखरच अलीकडे राहतात त्यांनी आपण नापास झालो असे समजू नये. मधुमेह असलेल्याने वजनाचा पाच ते दहा टक्के भाग जरी उतरविला तरी साखर, रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. ८८ किलोंच्या माणसास हे साडेचार ते नऊ किलो झाले. काट्यापेक्षा कमरेकडे लक्ष द्यावे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हे लक्षात ठेवण्यास सोपे माप आहे. सुतळीने उंची मोजा, सुतळी मधोमध दुमडा, ती कमरेभोवती पुरते का पाहा. आठवड्याला टोचण्याची नवी इंजेक्शनेही २०२५ पासून आपल्या देशात वजनासाठी मिळू लागली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. खर्च दरमहा चालू राहतो, आणि बंद केली की उतरलेले बरेचसे वजन परत येते.

ज्यांची शस्त्रक्रिया होईल त्यांनी शेतकरी म्हणून पुढचा विचार आधीच करावा. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. तो परत जोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात जठराची लहान पिशवी करून आतडे तिला जोडतात. त्यानंतर जन्मभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम घ्यावे लागते, बी-१२ ची तपासणी करावी लागते. आपल्या शेतकरी भगिनींच्या अंगात रक्त आधीच कमी, त्यांनी तर यात हयगय करूच नये. सुरुवातीचे काही आठवडे पोते, पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा उचलता येणार नाही. म्हणून सुगीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. उन्हात काम करताना घटाघटा पाणी पिता येत नाही, घोट घोट प्यावे लागते, तेव्हा बांधावर पाण्याची बाटली हवीच. दारू आधीपेक्षा लवकर आणि जोरात चढते. मूल हवे असलेल्या स्त्रीने वर्ष-दीड वर्ष थांबावे असे डॉक्टर सांगतात. आणि घरातल्यांनी 'एवढेसेच खाल्लेस?' म्हणून पुन्हा वाढू नये. आग्रह ही आपल्या पंगतीची शोभा आहे, पण या माणसापुरती ती आवरावी.

विमा नियामकाकडे माझे मागणे एवढेच आहे की, भारतीय डॉक्टरांनी २००९ साली सांगितलेली भारतीय रेषा कागदावर आणावी. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'ने नेमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने तर याच्या पुढे जाऊन म्हटले आहे की, नुसत्या बी.एम.आय.वर लठ्ठपणाचा आजार ठरवू नये, अवयवांना इजा झाली आहे काय ते पाहावे. ताईचे गुडघे, तिचा श्वास, तिची साखर यांची नोंद असताना १.६ किलोंवर निकाल देणे हे मला न्यायाचे वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या मुलांना नोकरीत आरोग्य विमा आहे, त्यांनी मुलांना सांगून कंपनीच्या विमा ठरविणाऱ्या अधिकाऱ्याकडे ही गोष्ट घालावी. समूह विम्याचा करार दर वर्षी नव्याने होतो. तेव्हा बोलले तर ऐकले जाण्याची शक्यता असते.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. उंची नीट मोजून घेतली, १५९ भरली. म्हणजे अंबाड्याने एका सेंटिमीटरची चोरी केली होती, दोनची नाही. पण जलेबी बंद केल्यावर आणि सकाळी कोठी रोडवर फिरू लागल्यावर वजनही ८६ वर आले आहे, तेव्हा आकडा पुन्हा ३४ च्या घरात. साखर थोडी उतरली, श्वास मात्र रात्री अजून अडतो. शल्यचिकित्सकांनी भारतीय रेषेचा दाखला देऊन पत्र लिहून दिले, आणि ते सर्व कागदांसह कंपनीकडे गेले आहे. उत्तर आलेले नाही. तीस दिवस या महिनाअखेर पुरे होतील. हुलग्याचे पीठ संपले आहे, तेवढे आईला सांगा, असा निरोप होता.